उन्हाची मालकी

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहायला येणारे त्याची कारागिरी वाखाणतात. त्यात एक धर्मप्रश्नही आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या अमलात, सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी भुयारात गोळा करून शंभरावर विहिरीवजा कुंड्यांच्या रांगेतून, निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. भुयार मुघल बादशाहीने खोदले, पण पाऊस बादशाहीचा नव्हता. अवकाशातून वीज आणण्याच्या योजनेलाही हाच भेद लावायला हवा. अभियंते पीटर ग्लेसर यांनी १९६८ मध्ये ती मांडली. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत ढग नाहीत, रात्र जवळपास नाही आणि दर चौरस मीटरला सुमारे १,३६० वॅट ऊन मिळते. तिथे वीज तयार करून सूक्ष्मलहरींच्या झोताने खाली पाठवायची आणि अँटेनांच्या जाळ्यात झेलायची. २०२३ मध्ये कॅलटेकच्या प्रायोगिक यानाने पाठवलेला क्षीण झोत पासाडेनात टिपला गेला.

सूर्यावर अशी हुकमत चालवणे हाच अधर्म, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. मग कुंडी भंडाराही अधर्मच ठरेल. खरा पेच पुढे आहे. ऊन बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीवर, गुरुद्वाऱ्यावर, केळीच्या बागांवर आणि यंत्रमागांच्या पत्र्यांवर सारखेच पडते. झोत मात्र नेमक्या एकाच जागी उतरतो, आणि ती जागा माणूस ठरवतो. जिथे निवड आली, तिथे न्याय-अन्यायाचा प्रश्न आलाच. ज्याने पैसा ओतला त्याची वीज, हा आक्षेप वजनदार आहे. खर्च आणि रास्त नफा त्याला मिळालाच पाहिजे, पण तो यंत्राचा मोबदला झाला, उन्हाची किंमत नव्हे. ऊन अमाप आहे, मग कुणाचा वाटा कमी होतो, असेही विचारतात. ऊन अमाप असले तरी भूस्थिर कक्षा एकच आहे आणि तीत जागा मोजक्या. १९७६ मध्ये बोगोटात विषुववृत्तावरील आठ देशांनी याच कक्षेवर हक्क सांगितला. तो दावा जगाने मानला नाही, कारण १९६७ च्या करारानुसार अवकाशावर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. मात्र आधी पोहोचलेल्याने जागा अडवली, तर मालकी न सांगताही ती भोगता येते. देवांनी दिलेले त्यांना परत न देता एकट्याने भोगणाऱ्याला गीतेचा तिसरा अध्याय चोर म्हणतो.

म्हणून पहिले मोठे वीजकेंद्र कक्षेत चढण्याआधीच भारताने अट घालावी: कक्षेतली जागा वापरणाऱ्याने विजेचा ठरावीक वाटा, ज्यांना तिथे कधीच पोहोचता येणार नाही अशा देशांना द्यावा.