पृथ्वी दान देता येते का?

शतपथ ब्राह्मणात एक छोटी कथा आहे. विश्वकर्मा भौवन नावाच्या राजाने सर्वमेध यज्ञ केला. कश्यप त्याचे पुरोहित. सर्वस्व द्यायचे म्हणून राजाने दक्षिणेत पृथ्वीच देऊ केली. तेव्हा पृथ्वी स्वतः बोलली. कोणाही मर्त्य माणसाने मला देऊ नये, तू मूर्खपणा करतो आहेस, मी पाण्यात बुडून जाईन आणि कश्यपाला दिलेला तुझा शब्द फुकट जाईल, असे तिने त्याला सुनावले. दानाची थोरवी गाणाऱ्या आपल्या वाङ्मयात, जी वस्तू द्यायची तीच उठून नकार देते, असे प्रसंग फार नाहीत.

पुढे मीमांसकांनी हा प्रश्न तर्काने तपासला. विश्वजित यज्ञात यजमानाने आपले सगळे धन द्यायचे असते. यजमान सार्वभौम राजा असेल तर राज्याची भूमीही द्यायची का? जैमिनींचे सूत्र म्हणते, नाही. कारण भूमी सर्वांना सारखीच आहे. शबरस्वामींच्या भाष्याने हा मुद्दा आणखी नेमका केला. अमक्या शेताचा धनी अमका, हे डोळ्यांना दिसते, पण साऱ्या पृथ्वीचा धनी कोणी दिसत नाही. मग राजाजवळ इतरांहून अधिक ते काय? पिकांचे रक्षण करतो म्हणून धान्याचा ठरलेला वाटा घेण्याचा हक्क, एवढेच. राजांच्या आश्रयाने यज्ञ करणाऱ्या परंपरेने राजाचा हक्क असा रेघ ओढून मर्यादित केला, याचे मोल आज अधिकच जाणवते.

ही चर्चा पोथीतच राहिली नाही. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिला. एका राजाने दुसऱ्याला जिंकले तर त्याला काय मिळते, याचे त्यांचे उत्तर स्पष्ट आहे. हरलेल्या राजाचे स्वतःचे घर, शेत, धन एवढेच त्याच्या मालकीचे होते. बाकी मुलखावर त्याला कर घेण्याचा हक्क होता, जिंकणाऱ्यालाही तेवढाच मिळतो. गावची शेते ज्याची त्याचीच राहतात. इंग्रजी अमलात मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणातल्या हिंदू कायद्यासाठी मुंबई उच्च न्यायालय याच ग्रंथाला प्रमाण मानत असे.

पण शेत ‘ज्याचे त्याचे’ होते कसे? मनुस्मृती सांगते, ज्याने झाडाचे खुंट उपटून जमीन मोकळी केली, त्याचे शेत. जशी आधी बाण मारणाऱ्याची शिकार. कष्टाला मालकी देणारा हा नियम न्याय्य वाटतो, आणि बऱ्याच अंशी तो तसा आहेही. मात्र खुंट उपटण्याआधी तिथे रान होते, आणि रान रिकामे नव्हते. महाभारतातले खांडववन कृष्णार्जुनांनी जाळले तेव्हा त्यात नाग राहत होते, पशुपक्षी होते. बाहेर पडू पाहणाऱ्यांना पुन्हा आगीत लोटले गेले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधल्या ‘मयसभा’ या लेखात या जाळपोळीकडे थेट पाहिले आणि नव्या वसाहतीच्या किमतीचा हिशेब मांडला. मनूच्या नियमात रानात आधीपासून राहणाऱ्याची जागाच नाही, आणि आपल्या महसुली व्यवहारातही ती शतकानुशतके नव्हती.

दख्खनच्या गावांत मालकीला आणखी एक पदर होता. मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचा धनी, दुष्काळात, लढाईत परागंदा झाला तरी त्याची मिरास बुडत नसे. कित्येक वर्षांनी तो किंवा त्याचा वारस परतला, तर गाव त्याची जमीन त्याला देत असे. तोवर ती उपऱ्याने कसलेली असायची. कुळच बुडाले तर जमीन गतकूळ म्हणून गावाच्या हाती येई. 1819च्या अहवालात एल्फिन्स्टनने दख्खनच्या रयतेपैकी मोठा भाग आपल्या जमिनीचा मालकच आहे, असे नोंदवले आहे. ती व्यवस्था समतेची नव्हती. महार, मांग हे वतनदार असूनही शिवारात त्यांचा वाटा तुटपुंजा होता. तरी जमीन नुसती विकायची वस्तू नाही, ही समज गावात होती.

इंग्रजांच्या रयतवारी पद्धतीने ही समज बदलली. खातेदाराचा हक्क कागदावर पक्का झाला, आणि पक्का झाला म्हणूनच तो गहाण पडू लागला. सावकाराला आता शेतकऱ्याच्या पिकापेक्षा जमीन महत्त्वाची झाली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. त्यांचा रोख कर्जखतांवर आणि वह्यांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. 1879चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला.

पुढे 1948च्या कुळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957च्या कृषक दिनाने कसणारा मालक झाला. मनूचा जुना नियम नव्या रूपात आला, असेच म्हणायचे. पण जो कुळही नव्हता, फक्त मजूर होता, त्याच्या हाती काही आले नाही.

त्या मजुराचा प्रश्न 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबा भावे यांच्यापुढे उभा राहिला होता. चाळीस दलित कुटुंबांनी 80 एकर मागितले. विनोबांनी जमलेल्या गावाला विचारले, आणि रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेले गीताभ्यासी विनोबा पुढे भूदान मागत वर्षानुवर्षे देशभर पायी फिरले. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा द्या, असे ते जमीनदाराला सांगत.

इथे विश्वकर्म्याचा पेच पुन्हा उभा राहतो. पृथ्वी कोणाची नसेल तर भूदान तरी कसे होईल? विनोबांची भूमिका अशी, की जमीन हवापाण्यासारखी परमेश्वराची आहे. जो देतो तो उपकार करत नाही, जे मुळात आपले नव्हते त्याच्यावरचा दावा सोडतो. ते शंकराचार्यांच्या आधाराने दानाला ‘सम्यक वाटणी’ म्हणत. हा विचार भक्कम आहे. व्यवहार मात्र कच्चा निघाला. पाच कोटी एकरांचा संकल्प होता, हाती आली 40 लाख एकरांहून काहीशी अधिक. त्यातली बरीच खडकाळ, वादग्रस्त किंवा कागदपत्रांविना दिलेली. मोठा भाग वाटलाच गेला नाही. देणाऱ्याच्या मनावर सगळी भिस्त ठेवली की घेणाऱ्याच्या हातात काय पडते हे पाहायला कोणी उरत नाही, हा या चळवळीचा खरा दोष.

त्यातून निघालेले ग्रामदान अधिक विचारी होते. सुलभ ग्रामदानात मालकी गावाकडे जाते, विसावा हिस्सा भूमिहीनांना मिळतो, उरलेले शेत तेच कुटुंब कसते आणि ते वारसांकडे जाते. फक्त गावाबाहेर विकता येत नाही. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा 1964चा आहे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीने 2013मध्ये त्याचा आधार घेतला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने आधी वर्षानुवर्षे अभ्यास मंडळात बसून कायदे वाचले होते. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला होता, 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार वनखात्याकडून आपल्या हाती घेतले होते. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचा नकार असला तर चर्चा थांबत नाही. मनूच्या नियमात ज्यांना जागा नव्हती, त्यांनीच सगळ्यांची जमीन सगळ्यांच्या नावे करायचे ठरवले.

त्याच 2013 साली संसदेने नवा भूसंपादन कायदा केला. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत त्याने मालकाबरोबर कुळाला आणि शेतमजुरालाही घेतले. संपादनाआधी तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असले की तो बाधित. जैमिनींचे ‘सर्व’ कायद्याच्या कलमात असे थोडेसे तरी आले. पण सातबाऱ्यावर नाव असलेल्याला एक उतारा पुरतो. दुसऱ्याच्या बांधावर तीन वर्षे खुरपणी केलेल्या बाईने ती केल्याचा पुरावा कोणाकडून आणायचा, हे त्या कलमात नाही. मोजणीचा अधिकारी गावात येतो तेव्हा ती बहुतेक वेळा त्याच शेतात कामावर असते.