श्रेष्ठ कृतीचा वाद आणि अधिकाराचा प्रश्न

एखाद्या कर्त्याची सर्वश्रेष्ठ कृती कोणती, हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. त्याच्या तळाशी मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: मूल्याचे ज्ञान होऊ शकते, की मूल्य हे केवळ मानणाऱ्याच्या मानण्यात असते? बीटल्सचे चाहते ‘रिव्हॉल्व्हर’ (1966) मोठा की ‘सार्जंट पेपर’ (1967), यावर अर्धशतकाहून अधिक काळ भांडत आले आहेत. पिंक फ्लॉइडच्या श्रोत्यांत ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (1973) आणि ‘विश यू वेअर हिअर’ (1975) असे दोन पक्ष पडतात. परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या आसपास हाच प्रश्न विचारायचा, तर तो संतवाङ्मयाबद्दल विचारावा लागतो. सेलूच्या पश्चिमेला, आजच्या जालना जिल्ह्यात, जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. रामदासांचा जन्म शके 1530 म्हणजे 1608 चा. दासबोध, मनाचे श्लोक, करुणाष्टके आणि घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या आरत्या एवढा विविध ऐवज त्यांच्या नावावर आहे. त्यात सर्वांत श्रेष्ठ काय, याबद्दल अभ्यासकांचे आणि भाविकांचे कधीच एकमत झालेले नाही.

अशा वादाचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे. न्यायसूत्रांच्या पहिल्या अध्यायात कथेचे, म्हणजे शास्त्रीय चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्यासाठी केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी छल आणि जाती वापरून केलेली चर्चा तो जल्प. स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करणे ती वितंडा. चाहत्यांच्या बहुतेक चर्चा जल्पात मोडतात, आणि त्यात वाईट काही नाही. जल्पामुळेही माणसे कृती पुन्हा ऐकतात, पुन्हा वाचतात. अडचण वितंडेची आहे. ‘शेवटी ज्याची त्याची आवड’ हे वाक्य समजूतदार वाटते, पण ते वितंडेचेच सौम्य रूप आहे. ते कोणताही पक्ष उभा करत नाही, फक्त सर्व पक्ष मोडीत काढते.

या वाक्याला आधार मात्र आहे. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने 2003 मध्ये सार्वकालिक अल्बमांची यादी केली तेव्हा ‘सार्जंट पेपर’ पहिला होता. 2020 मध्ये नव्या मतदारांकडून नवी यादी करवून घेतली, तेव्हा तो 24 व्या क्रमांकावर गेला आणि बीटल्सच्या अल्बमांत ‘ॲबी रोड’ सर्वांत वर, पाचवा आला. सतरा वर्षांत संगीतातला एक सूरही बदललेला नव्हता. बदलले ते निवडणारे. मग श्रेष्ठत्व कृतीत होते कुठे?

डेव्हिड ह्यूमने 1757 च्या निबंधात याचे एक उत्तर दिले. रुची भिन्न असल्या तरी सगळ्या परीक्षकांची पात्रता सारखी नसते. ज्याची संवेदना सूक्ष्म आहे, ज्याने पुष्कळ कृती पाहून तुलना केली आहे आणि जो पूर्वग्रहापासून मुक्त आहे, त्याचे मत अधिक ग्राह्य. कांटने 1790 मध्ये आणखी नेमका मुद्दा मांडला: ‘हे मला आवडते’ म्हणणारा स्वतःपुरते बोलतो, पण ‘हे सुंदर आहे’ म्हणणारा सर्वांची संमती मागत असतो, आणि ती संमती कोणत्याही नियमाने सिद्ध करता येत नाही. वाद घालावासा वाटतो आणि तो संपत नाही, या दोन्ही गोष्टींचे कारण कांटच्या या मांडणीत सापडते. मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले. एका ध्रुवावर कलाकृती जीवनापासून अलग, स्वयंपूर्ण मानली जाते. दुसऱ्यावर ती ज्ञान, नीती आणि भावना यांच्याशी बांधलेली असते. दोन वाचक या दोन ध्रुवांवर उभे राहून एकाच कृतीबद्दल बोलू लागले, की त्यांची गाठच पडत नाही. रामदासांच्या बाबतीत नेमके हेच घडते.

दासबोधात वीस दशक आणि प्रत्येक दशकात दहा समास, असे दोनशे समास आहेत. आखणी इतकी काटेकोर असली तरी ग्रंथ एका बैठकीत झालेला नाही. सहाव्या दशकाच्या चौथ्या समासात कलियुगाची 4760 वर्षे लोटल्याचा उल्लेख आहे. त्यावरून तो भाग 1659 च्या सुमाराचा ठरतो. पहिले सात दशक हा आधी पूर्ण झालेला ग्रंथ आणि पुढचे दशक नंतर जोडलेले, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. विषयांवर नजर टाकली तरी ते पटते. सातव्या दशकापर्यंत स्तवन, मूर्खलक्षण, नवविधा भक्ती, देवशोधन, चौदा ब्रह्मे अशी अध्यात्माची चढण आहे आणि शेवट देहान्तनिरूपणाने होतो. उत्तरार्धात मात्र अक्षर कसे काढावे, लोक कसे जोडावेत, राजकारण कसे करावे, असे विषय मध्येच उपटतात. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे.

मनाचे श्लोक याच्या अगदी उलट आहेत. भुजंगप्रयात वृत्तातले 205 श्लोक. श्रोता एकच, मन. लय अशी की अर्थ कळण्याच्या वयाआधीच ते पाठ होतात. करुणाष्टकांत उपदेश करणारा रामदास दिसतच नाही. तिथे अनुतापाने व्याकूळ झालेला एकटा साधक आहे. संकीर्ण विषयांचा मोठा ग्रंथ, एकसुरी घट्ट रचना आणि फुटकळ पण उत्कट कविता, असे हे तीन नमुने आहेत. अल्बम मोठा की गाणे मोठे, हा रॉकच्या चाहत्यांचा तंटा याच जातीचा.

लोकांच्या तोंडी काय आहे, हा निकष लावला तर वाद एका फटक्यात मिटतो, पण भलत्याच जागी. रामदासांच्या नावावरची सर्वांत जास्त म्हटली जाणारी रचना म्हणजे गणपतीची ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही आरती. दासबोधाचे नाव न ऐकलेल्या घरातही ती पाठ असते. तरीही तिला रामदासांची सर्वश्रेष्ठ कृती म्हणायला कोणी तयार होणार नाही. प्रसार हे श्रेष्ठत्वाचे लक्षण नव्हे, एवढे यातून निश्चित होते. चाहत्यांच्या वादात विक्रीचे आकडे पुढे करणाऱ्यालाही हेच उत्तर लागू पडते.

मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी सहा लिंगे सांगितली आहेत: उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) गीतेचे तात्पर्य काढताना हीच कसोटी पुढे ठेवली. ती श्रेष्ठत्व मोजण्यासाठी केलेली नाही, पण कृती काय करू पाहते हे तिने कळते, आणि ते कळल्याशिवाय ती साधली की फसली हे म्हणता येत नाही. दासबोधाचा पहिला समासच ग्रंथाचे नाव, विषय आणि श्रवणाचे फल सांगतो. उपक्रम इतका स्पष्ट असणारे ग्रंथ मराठीत फार नाहीत. शेवटचा समास विमलब्रह्माचा असल्याने उपसंहारही जुळतो. अपूर्वतेत तर त्याला तोड नाही. पढतमूर्खाची लक्षणे आणि ब्रह्माचे निरूपण एकाच ग्रंथात एवढ्या सहज नांदताना दुसरीकडे दिसत नाहीत. अभ्यासाच्या, म्हणजे पुनरुक्तीच्या, बाबतीत मात्र दासबोध वाचकाची परीक्षा पाहतो. मधल्या दशकांत तेच ते पुन्हा येते, हे भक्तानेही मान्य करायला हरकत नाही.

खुद्द रामदासांनीही एक निकष देऊन ठेवला आहे. चौदाव्या दशकातल्या कवित्वकलेच्या समासात ते कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार करतात आणि प्रासादिक कवित्वाला, म्हणजे भगवंताच्या ध्यासातून आपोआप उमटणाऱ्या बोलाला, वर ठेवतात. हा निकष त्यांच्याच कृतींना लावला तर पहिला मान करुणाष्टकांकडे जातो. कर्त्याचे मत अंतिम मानायचे का, हा पुढचा प्रश्न. मानू नये; कर्ता हाही आपल्या कृतीचा एक वाचकच असतो, फार तर जवळचा.

कर्त्याचा आधार सगळीकडे मिळतोही असे नाही. परभणी जिल्ह्यातच, गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर पिढ्यानपिढ्या चालत आले. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना मिसळल्याचे संशोधक सांगतात. कोणते पद कोणाचे हेच जिथे पक्के नाही, तिथे ‘अमक्याची सर्वश्रेष्ठ रचना’ या शब्दांना आधार उरत नाही. वारकऱ्याला याची खंत वाटत नाही, कारण तो कर्त्यापेक्षा नामाला महत्त्व देतो.

धार्मिक बाजूने एक आक्षेप उरतो. संतवचन प्रमाण मानल्यावर त्यात लहानमोठे कसे करायचे? परंपरेचे उत्तर अधिकारभेदाचे आहे. मुमुक्षू, साधक आणि सिद्ध यांना एकच उपदेश सारखा लागू पडत नाही. दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध अशी लक्षणे वेगळी दिलेली आहेत. कल्पना जुनी असली तरी श्रेष्ठत्वाच्या वादात तिचा उपयोग फार कमी झाला आहे. अधिकार म्हणजे आवड नव्हे. आवड सांगणाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही. अधिकार मात्र तपासता येतो, कमावता येतो आणि वाढतो. ह्यूमच्या जाणत्या परीक्षकात आणि अधिकारी श्रोत्यात एक फरक आहे. परीक्षकाने कृतीला न्याय द्यायचा असतो, तर अधिकाऱ्याने स्वतः बदलायचे असते. ‘रोलिंग स्टोन’च्या दोन याद्यांमुळे मूल्य खोटे ठरत नाही. निरनिराळ्या कानांना एकाच संगीतात काय ऐकू आले, एवढेच त्या सांगतात. कोणत्या कानांनी अधिक ऐकले, हे विचारण्याचा हक्क त्यानंतरही शाबूत राहतो.

या दृष्टीने मनाचे श्लोक आरंभ करणाऱ्यासाठी आणि करुणाष्टके संकटात सापडलेल्या साधकासाठी श्रेष्ठ ठरतात. पण अधिकार वाढत असताना शेवटपर्यंत पुरे पडणारी कृती एकच आहे. मूर्खाला त्याचे लक्षण दाखवणारी, कारकुनाला अक्षर शिकवणारी आणि साधकाला ब्रह्मनिरूपण ऐकवणारी ती कृती म्हणजे दासबोध. पुनरुक्तीचा दोष धरूनही रामदासांची सर्वश्रेष्ठ कृती तीच, आणि करुणाष्टके तिच्या खालोखाल. हा निर्णय ज्याला मान्य नसेल त्याने दुसरी कृती पुढे करावी आणि ती कोणत्या अधिकाऱ्यासाठी श्रेष्ठ आहे, हेही सांगावे.