खेळताना मूल काय सांगत असते?

घरात कोणाचे निधन झाले की सांत्वनाला माणसे येतात, संध्याकाळी रोझरी होते, मोठी माणसे एकमेकांजवळ बसून रडून घेतात. लहान मुलांना मात्र आपण शेजाऱ्यांकडे पाठवून देतो. ‘आजोबा देवाघरी गेले’ एवढे सांगितले की आपले काम झाले, असे आपल्याला वाटते. आणि मग चार दिवसांनी तेच मूल बुटांच्या खोक्यात बाहुली ठेवते, वर झेंडूच्या पाकळ्या टाकते आणि खोका अंगणातल्या मातीत पुरते. थोड्या वेळाने उकरून काढते, पुन्हा पुरते. आपण चिडतो. ‘असले अभद्र खेळ खेळायचे नाहीत!’ असे दरडावून खोका फेकून देतो.

त्या मुलाला असे गप्प करण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

मोठ्यांजवळ दुःखासाठी शब्द असतात, प्रार्थना असतात, विधी असतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाजवळ यातले फारसे काही नसते. त्याच्याजवळ बाहुली असते, माती असते. जे त्याला बोलता येत नाही ते तो खेळून सांगतो, आणि एकदा सांगून मन हलके झाले नाही तर पुन्हा पुन्हा सांगतो. आपणही दुःखाची तीच गोष्ट भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत नाही का?

ही गोष्ट ओळखूनच ‘प्ले थेरपी’, म्हणजे खेळातून उपचार, ही पद्धत उभी राहिली. लंडनच्या डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यांनी मुलांपुढे वाळूचा ट्रे आणि छोटी छोटी खेळणी ठेवली. अमेरिकेतील व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे साधे होते : वाट मुलाने दाखवायची, मोठ्या माणसाने मागून चालायचे. घाई करायची नाही, शिकवायचे नाही, चुका काढायच्या नाहीत.

१९६४ साली त्यांनी डिब्ज या मुलाची हकीकत लिहिली. नाव बदललेले आहे. वडील शास्त्रज्ञ, आई शल्यविशारद. पण मूल कोणाशी धड बोलत नसे, शाळेत टेबलाखाली जाऊन बसे. ते मतिमंद असावे असा घरच्यांचा समज. खेळाच्या खोलीत मात्र बंद दारांबद्दलचा आणि वडिलांबद्दलचा त्याचा राग वाळूतून, बाहुल्यांतून बाहेर आला. कोणी त्याला रागावले नाही. हळूहळू तो मोकळा झाला, आणि मूल अतिशय बुद्धिमान असल्याचे दिसून आले.

यावर कोणी म्हणेल, ‘म्हणजे मुलाने वाटेल ते करावे आणि आपण बघत बसावे?’ तसे नाही. त्या खोलीतही वेळ ठरलेली असते. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची नाही, हा नियम असतो. राग येऊ द्यायचा. पण रागाने दगड मारू द्यायचा नाही. आपण घरी नेमके उलटे करतो. ‘रागवायचं नाही, रडायचं नाही’ म्हणतो, आणि मुलाला स्वतःच्या मनाचीच लाज वाटू लागते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. बाहेर थांबलेले आईवडील विचारतात, ‘आज काय म्हणाला तो?’ समुपदेशक मुलाची प्रगती सांगतात. प्रत्येक खेळ सांगत नाहीत. आपल्याला वाईट वाटते. मूल आपले, मग लपवाछपवी कशाला? पण विचार करू या. आपले मन आपण कोणापुढे उघडतो? जो ते चार जणांत नेणार नाही त्याच्यापुढेच. एवढा मान लहान मुलालाही मिळायला हवा.

या मौनालाही मर्यादा आहे. कोणी मुलाला इजा करीत आहे असे दिसले, तर गप्प बसणे हा विश्वास राखणे नव्हे, तो अपराध होय. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मात्र एखाद्या खेळावरून आपणच निष्कर्ष काढू नयेत, मुलाची उलटतपासणीही करू नये. ते काम जाणकारांचे.

आपण घरी उपचार करू शकत नाही. मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, झोपेत दचकू लागले, आठवडेच्या आठवडे गप्प राहिले, तर डॉक्टरांना किंवा बालसमुपदेशकांना दाखवावे. त्यात कमीपणा नाही. पण ऐकणे आपल्या हातात आहे. मोबाइल बाजूला ठेवून अर्धा तास त्याच्याजवळ जमिनीवर बसावे. ‘बाहुलीला पुरलंस. आता ती आत एकटी आहे,’ एवढेच म्हणावे आणि थांबावे. कदाचित ते म्हणेल, ‘आजोबांना तिथे अंधाराची भीती वाटत असेल ना?’ हा प्रश्न ते चार दिवस मनात घेऊन फिरत होते. विचारायला कोणी जवळ नव्हते.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशू बाजारात बसलेल्या मुलांचा दाखला देतो. ती मुले लग्नाचा खेळ खेळतात, मयताचाही खेळतात. सोबती सामील होत नाहीत म्हणून तक्रार करतात. प्रभूने त्या खेळाला अभद्र म्हटले नाही. उलट हाक ऐकूनही न उठणाऱ्या मोठ्या माणसांना त्याने त्यातून जागे केले.

आपल्या अंगणातले मूलही हाक मारीत आहे. खोका फेकून देण्याआधी या आठवड्यात आपण त्याच्या शेजारी बसून पाहू या.