हातगुण कोणाचा?

"आईला बायपास सांगितलीय. सर्जन कोण चांगला?" हिंजवडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असा प्रश्न पडला की तासाभरात दहा नावं येतात. "त्यांना हातगुण आहे," असं कुणीतरी लिहितंच. ही श्रद्धा आपल्याकडे उगाच रुजलेली नाही. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईच्या केईएममध्ये हृदयप्रत्यारोपण केलं, ते जगातलं सहावं. रुग्ण काही तासच जगला, पण त्या काळी हृदयाला हात घालणं हेच मोजक्या माणसांचं धाडस होतं. साहजिकच लोकांच्या लक्षात माणूस राहिला.

सरावाचा हिशोब मात्र आधी कारखान्यात झाला. थिओडोर राइट या अमेरिकी अभियंत्याने १९३६ साली दाखवलं की विमानांचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर विमानामागचे श्रम साधारण २० टक्क्यांनी घटतात. चाकणच्या लाइनवर उभं राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

रुग्णालयांपर्यंत हा हिशोब पोचायला १९७९ उजाडलं. हॅरल्ड लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे दीड हजार रुग्णालयांचे आकडे तपासले. ओपन हार्ट, बायपास यांसारख्या शस्त्रक्रिया वर्षाला दोनशे किंवा अधिक होत तिथे मृत्युदर २५ ते ४१ टक्क्यांनी कमी निघाला. पुढे लुफ्ट यांनीच उलटा प्रश्नही तपासला: सरावाने निकाल सुधारतात, की निकाल चांगले म्हणून रुग्ण तिकडे वळतात? दोन्ही खरं असावं. न्यूयॉर्क राज्याने तर १९८९पासून प्रत्येक बायपासची नोंद ठेवली, रुग्णाचं वय आणि इतर आजार हिशोबात धरून. सर्जननिहाय आकडे उघड व्हावेत म्हणून एका वर्तमानपत्राला कोर्टात जावं लागलं.

मला सगळ्यात हलवलं ते २००६ सालच्या एका अभ्यासाने. रॉबर्ट हकमन आणि गॅरी पिसानो यांनी पेनसिल्व्हेनियातले असे सर्जन पाहिले, जे एकाहून अधिक रुग्णालयांत ऑपरेशन करत. ज्या रुग्णालयात सर्जनचा अलीकडचा सराव जास्त, तिथले त्याचे निकाल सुधारत. पण तो सराव दुसऱ्या रुग्णालयात फारसा कामी येत नसे. माणूस तोच, हात तेच! म्हणजे गुण एकट्या हातात नव्हताच. तो हार्ट-लंग मशिन चालवणाऱ्या पर्फ्युजनिस्टमध्ये होता, सर्जनने मागण्याआधी अवजार पुढे करणाऱ्या सिस्टरमध्ये होता, भूलतज्ज्ञाशी नजरेनेच होणाऱ्या बोलण्यात होता. सर्जन घरी गेल्यावर पहाटे तीनला ड्रेनमधलं रक्त वाढलंय, लघवी कमी झालीय, हे आयसीयूतली नर्स ओळखते आणि बिचकत न बसता फोन लावते, तिथेही तो होता.

आपल्याकडे एकच सर्जन आठवड्यात दोन-तीन रुग्णालयांत ऑपरेशन करतो, यात कुणाला नवल वाटत नाही. आपण त्याचं नाव शोधतो, त्याच्याभोवतीची माणसं नाही. फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, तेव्हापासून ती किंमत रुपयापर्यंत आपल्याला कळते. तो स्टेंट ज्या कॅथलॅबमध्ये बसणार, तिथे वर्षाला किती बसतात आणि पुढे त्या रुग्णांचं काय होतं, हे विचारायला कुठलीच खिडकी नाही. मला हे मनापासून खटकतं.

रात्री दोनला छातीत कळ आली तर अर्थातच असलं काही विचारत बसू नये. रक्तवाहिनी बंद असते, हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो. चोवीस तास चालू असलेली जवळची कॅथलॅब गाठावी. संध्याकाळी वाकडच्या पुलाकडे जाणारी गाड्यांची रांग ज्याने पाहिलीय, त्याला 'जवळची' या शब्दाची किंमत कळते. ठरवून करायच्या बायपासला मात्र बहुतेक वेळा चार दिवस हाताशी असतात.

परवा ग्रुपवर एकाने वडिलांसाठी सर्जनचं नाव मागितलं. मी नाव दिलं नाही, डॉक्टरांना विचारायचे दोन प्रश्न लिहून पाठवले: "डॉक्टर, याच रुग्णालयात, याच टीमबरोबर तुम्ही वर्षाला किती बायपास करता? आणि पहिल्या रात्री बाबांजवळ कोण असेल?"