एकास पस्तीस

डबा समोर ठेवा. झाकण आत्ताच काढू नका.

शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीचं हे जुनं किट आहे, सेंच्युरियन मार्क ३, एकास पस्तीस. रणगाडा ब्रिटिश, साचा जपानी. त्या काळी अशा किटमध्ये मोटर आणि बॅटरी बसवायची सोय असे, कारण विकत घेणाऱ्या मुलाला रणगाडा कपाटात ठेवायचा नसे, फरशीवर पळवायचा असे.

एकास पस्तीस हे मापसुद्धा तिथूनच आलं. कंपनीचे प्रमुख राहिलेले शुनसाकु तामिया यांनी आपल्या आठवणींत ते मोकळेपणाने सांगितलं आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने जर्मन पँथरचं किट काढलं, तेव्हा पोटात दोन बॅटऱ्या मावतील एवढाच हिशेब होता. पुढे मोजलं तर मूळ रणगाड्याचा साधारण पस्तिसावा भाग भरला. बाकीचे रणगाडे त्याच मापात आले, आणि आज जगभरचे कारखाने जीप, तोफा, सैनिकांच्या आकृत्या याच मापात काढतात. प्रमाण ठरलं ते पोटातल्या रिकाम्या जागेवरून. एवढं लक्षात ठेवा आणि झाकण काढा.

पहिल्यांदा पट्टे बघा. ते मऊ व्हायनिलचे असतात आणि वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या भागाला टेकून राहिले तर त्यांच्यातलं तेलकट द्रव्य झिरपून तो भाग विरघळतो. एखाद्या चाकावर पट्ट्याचा ठसा उमटलेला दिसला तर समजा की डबा बंद असतानाही आत काम चालू होतं. मग डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं, बघा. कागद पिवळा पडला असेल तर पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. काही दिवसांच्या उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो. उतरेपर्यंत थांबायचं. या छंदातला बराचसा वेळ थांबण्यातच जातो, आणि ज्यांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो ते पुढे एअरब्रश विकायला काढतात.

आता बॉडीचा वरचा भाग हातात घ्या. चिकटवायला नाही, नुसता पाहायला. आतल्या बाजूला छोटी गोल वर्तुळं दिसतील. साचा उघडल्यावर भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांच्या त्या खुणा. कडेने बारीक रेघ जाते, तिथे पोलादी साच्याचे दोन अर्धे मिळाले होते. साचा सरळ रेषेतच उघडतो, म्हणून ज्या आकाराच्या खाली पोकळी आहे तो आकार त्याला काढता येत नाही. पकडायच्या दांड्या पत्र्यावर चिकटलेल्या भरीव उंचवट्यासारख्या दिसतात त्या त्यामुळे. कोरणाऱ्याला खरी दांडी माहीत नव्हती असं नाही. जुन्या किटचे दोष काढण्याआधी प्रत्येक दोषाला विचारा, तू का झालास? निम्म्यांचं उत्तर साचा देतो, उरलेल्यांचं बॅटरी देते.

मडगार्डची कड बोटाने चाचपा. एक मिलिमीटर जाड असेल. तिला पस्तिसाने गुणा, साडेतीन सेंटिमीटर झाले. खरं मडगार्ड पातळ पत्र्याचं. झाडाला घासलं तर वाकणारं. तेव्हा खालच्या बाजूने, दिसणार नाही अशा बेताने, पॉलिश पेपरने कड तिरकी घासत न्यायची. वरून पाहणाऱ्याला फक्त पातळ धार दिसते. घासताना वेग वाढला की कड लाटेसारखी होते, म्हणून पाण्यात बुडवलेला बारीक पेपर घ्या आणि एकाच दिशेने चालवा. श्वासाकडे वेगळं लक्ष द्यायला नको. हात संथ झाला की श्वास आपोआप संथ होतो.

पस्तिसाने गुणायची ही सवय काही काळ ठेवून बघा. किटमधली माणसाची आकृती पाच सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन मीटरचा माणूस. मॉडेल डोळ्यांपासून एक फूट लांब धरलंत तर तुम्ही खऱ्या रणगाड्यापासून दहा-साडेदहा मीटरवर उभे आहात. एवढ्या अंतरावरून हॅचमधल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो. मॉडेल टेबलावर ठेवून तीन मीटर मागे, भिंतीपाशी जा. आता अंतर शंभर मीटरच्या वर गेलं. चेहरा गेला, दांड्या गेल्या, तुम्ही घासून पातळ केलेली कड गेली. उरला फक्त आकार, आणि त्याची तोफ कुणीकडे वळली आहे एवढंच. रणांगणावर समोरच्याला दिसत असेल तर एवढंच दिसत असेल. इथे थोडा वेळ उभे राहा.

परत टेबलापाशी या. दोन भाग कोरडेच जुळवून पाहा आणि फट कुठे राहते ते बघा. मगच सिमेंटची बाटली उघडा. हे सिमेंट फेविकॉलसारखं दोन वस्तूंच्या मध्ये बसत नाही. ते पॉलिस्टायरीन विरघळवतं, दोन्ही कडा क्षणभर एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की एकच भिंत उरते. म्हणून ब्रश सांध्यावर नुसता टेकवायचा, द्रव फटीत आपणहून धावतो. याच गुणाचा आणखी एक उपयोग आहे. सेंच्युरियनच्या टरेटचं मुख्य अंग ओतीव पोलादाचं, खरखरीत, किटमधलं गुळगुळीत. पृष्ठभागावर सिमेंट लावून प्लॅस्टिक थोडं मऊ झालं की राठ ब्रशने टोचत जा. वाळल्यावर ओतीव पोलादाचा पोत येतो. छप्पर मात्र वितळजोड केलेल्या पत्र्याचं आहे, ते तसंच गुळगुळीत ठेवा. भरीव दांड्या पात्याने तासून टाका, त्यांच्या जागी तांब्याची तार वाकवून बसवा. तोफेच्या मुळाशी कॅनव्हासचं आवरण हवं असेल तर टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवा. वायरलेसच्या अँटेनासाठी रिकामा स्प्रू, म्हणजे भाग तोडून घेतल्यावर उरलेली प्लॅस्टिकची काडी, मेणबत्तीवर, ज्योतीच्या जरा वर, धरून ओढायचा. केसाएवढी दांडी निघते.

रंगाबद्दल थोडक्यात: फिका ठेवा. लहान वस्तूवर मूळ छटा गडद दिसते.

खरं मनन वापराच्या खुणांपाशी सुरू होतं. वॉश, कोरडा ब्रश, स्पंजने उमटवलेले ओरखडे हे सगळं एकदा जमलं की हात थांबत नाही, आणि रणगाडा भंगारातून आणल्यासारखा दिसू लागतो. अर्ध्या मिलिमीटरचा टवका म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर रंग उडालेला. तो कशाने उडाला? खूण करण्याआधी ती करणारा माणूस शोधा. लोडर डावीकडच्या हॅचमधून चढताना बूट कुठे टेकत असेल, तिथली कड घासा. ड्रायव्हर पुढे उजवीकडे बसतो, त्याच्या झाकणाभोवती चिखलाच्या पावलांचे डाग. डिझेलचे डाग दाखवू नका, हा पेट्रोल पिणारा प्राणी. त्याचं मीटिअर इंजिन स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनापासून घडवलेलं. बाजूच्या पातळ पत्र्यांना पोचे द्या, कारण ते खरोखरच ठोकरले जात. ज्या खुणेमागे माणूस सापडत नाही ती करू नका.

खरे रणगाडे पाहायचे तर मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. अहमदनगरला, आता अहिल्यानगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. रंगाचा पुरावा म्हणून मात्र कुठल्याच संग्रहालयाकडे बघू नये. तिथला रंग जतनासाठी वरचेवर दिलेला असतो. पोलादाची जाडी, वितळजोडाची रेघ, झाकणाची बिजागरी हे तिथे पाहावं. त्याच गावी लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये एक सेंच्युरियन जपून ठेवला आहे. सायप्रसमधल्या बंदराचं त्याला नाव, फामागुस्ता. पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी, भारत-पाक युद्धात, बसंतर नदीच्या लढाईत याच रणगाड्यात होते. पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांशी झुंज चालू असताना त्यांच्या गाडीला गोळा लागला, आग लागली. बाहेर पडायचा आदेश वायरलेसवर आला. तोफ अजून चालते आहे असं कळवून ते लढत राहिले, आणि पुढच्या गोळ्याने त्यांचा मृत्यू झाला. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

आता तुमच्या मॉडेलचा टरेट उचला आणि आत पाहा. काही नाही. तळाला मोटरची खाच, स्विचचं भोक, भिंती कोऱ्या. जिथे बॅटऱ्या मावायच्या होत्या त्याच जागेत प्रत्यक्षात चार माणसं बसत. टरेटमध्ये तिघं, कमांडर, गनर आणि लोडर, पुढे ड्रायव्हर. ८४ मिलिमीटर तोफेचे गोळे त्यांच्या कुशीला रचलेले. ब्रिटिशांनी सेंच्युरियनमध्ये पाणी उकळायचं विजेचं भांडंही बसवलं होतं, चहासाठी कुणाला चिलखताबाहेर यावं लागू नये म्हणून. ते भांडं, ते गोळे, ते गुडघे त्या रिकाम्या डबीत एकेक करून मनाने ठेवून बघा. घाई केली तर मावणार नाहीत. सावकाश ठेवलेत तरी जेमतेम मावतात. टरेट परत बसवा.

काही लोक अशा किटला तयार पितळी आणि रेझिनचं अंतरंग विकत घेऊन बसवतात. मला ते फारसं पटत नाही. झाकण लागलं की कुणाला दिसत नाही, आणि उघडं ठेवलं की रणगाडा घड्याळाच्या दुकानासारखा दिसतो. तळाची भोकं प्लॅस्टिकच्या पत्र्याने बुजवायची की ठेवायची, हे ज्याने त्याने ठरवावं. मी बुजवत नाही.

आणि फामागुस्ताच करायचा असेल तर? हुबेहूब हवा असेल तर हे किट बाजूला ठेवून नवं घ्या. भारताकडचे सेंच्युरियन पुढच्या मार्कचे होते, मार्क ३ वर बरीच कापाकापी करावी लागेल. पण कुठलंही किट घेतलंत तरी आधी एक गोष्ट ठरवावी लागेल: गोळा लागण्यापूर्वीचा करायचा की नंतरचा. काजळी आणि जळका रंग करायला सोपा आहे, प्रदर्शनात लोक थांबून बघतातही. मला विचाराल तर आधीचा करावा, बसंतर नदीपार आलेला, चारही माणसं आत असलेला. त्याला चिखल लागेल, आणि तो ओला दिसला पाहिजे. मातीच्या रंगात थोडं चकचकीत वार्निश मिसळा, पट्ट्यांना आणि चाकांना खालून भरपूर लावा, बाजूच्या पत्र्यांवर अर्ध्या उंचीपर्यंत शिंतोडे उडवा. त्याच्या वर कोरडी धूळ, तीही कमीच.