काळ्या मातीच्या अलीकडे

युटामधल्या सीडर मेसाच्या एका घळीत आत्या आणि मी पायवाट सोडून कोरड्या ओढ्याच्या पात्रातून वर आलो होतो. समोर कड्याच्या कपारीत दगडमातीची मक्याची कोठी दिसत होती. मधे काळपट, खरबरीत मातीचा पट्टा.

"प्युब्लो लोकांचे पूर्वज १३००च्या आसपास हा मुलूख सोडून गेले," मी म्हटलं. "अशा कोठ्यांच्या लिंपणात त्यांची बोटं अजून उमटलेली दिसतात. जवळ जाऊ या ना!"

"ह्या मातीवरून? जिवंत आहे ती. सायनोबॅक्टेरियाच्या तंतूंनी वाळू धरून ठेवलीय. बूट पडला की पापुद्रा मोडतो, आणि भरून यायला कित्येक दशकं जातात."

"मग बघायचंच नाही? न बघता जिव्हाळा कुठून येणार? २०१६ साली ह्या भागात बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारक झालं, पुढच्याच वर्षी त्याचा बहुतेक भाग कापला. तेव्हा इथं हिंडलेले लोकच भांडले."

"त्यांच्याही आधी होपी, झुनी, नवाहो आणि यूट भांडत होते. त्यांच्या लेखी हे पडके अवशेष नव्हेत. पूर्वज अजून इथंच आहेत, असं होपी मानतात. तू वाट शोधतेस ती कुणाच्या तरी घरात शिरायची."

"पण खोदकाम करणारा तो वेदरिल शिरला म्हणूनच कळलं ना, की कड्यांतली घरं बांधणाऱ्यांच्या आधी इथं टोपल्या विणणारे लोक होते?"

आत्या जरा थांबली. "कळलं, हे खरंच. पण १८९०च्या दशकात इथल्याच ग्रँड गल्च घळीतून त्यानं पुरलेली माणसंसुद्धा उकरली. त्यातलं पुष्कळ न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गेलं. कुतूहल त्यालाही होतंच. वंशजांना कुणी विचारलं?"

इथं मला उत्तर सुचलं नाही, आणि सुचायला नको होतं असंही वाटलं. मी दुर्बीण काढली. दाराची चौकट, वर आडवं लाकूड, दोन दगडांमधल्या गाऱ्यात दाबून बसवलेल्या चिपा. कितीतरी वेळ बघत राहिले.

"फोटो काढते. ठिकाण मात्र कुणाला सांगत नाही."

"हं."

"पण आत्या, लपवून माती वाचेल? उद्या कुणी स्वतःच शोधत आला, तर सरळ ह्या पट्ट्यावरून चालत जाईल. ठिकाण सांगितलं, तर 'ओढ्यातच थांबा' एवढं तरी बजावता येईल."

"बजावशील. ऐकणारा एक येईल, खापरं खिशात घालणारेही येतील. त्या एकासाठी बाकीच्यांना वाट दाखवायची तुझी तयारी आहे?"

"आणि त्या एकाला अडवायची तुझी आहे?"

"आहे," आत्या म्हणाली. "पण त्याचं मला वाईट वाटतं."