ब्रेक कोणाच्या मालकीचा?

मोटारीच्या ब्रेकवर निबंध लिहावयास बसलो आहो असे पाहून कित्येक वाचकांस हसू येईल. हा विषय मिस्त्रीच्या दुकानातला. त्याचा नीतिविचाराशी संबंध काय, असेही कोणी विचारील. काही दिवसांपूर्वीपर्यंत आमचेही मत असेच होते. परंतु बारामतीस एका स्नेह्यांच्या घरी पितापुत्रांमध्ये चाललेल्या वादाचा निवाडा करण्याचा प्रसंग आमच्यावर आला. आणि विचार करू लागलो तो असे आढळले की, मनुष्याचे स्वातंत्र्य कोठे संपते व दुसऱ्याचा हक्क कोठे सुरू होतो, हा जुनाच प्रश्न त्या वादाच्या तळाशी आहे.

हकीकत अशी. स्नेह्यांच्या चिरंजीवांनी दोनच माणसे बसतील अशी एक जुनी, बुटकी स्पोर्ट्स मोटार विकत घेतली. इंजिन जोरकस, परंतु ब्रेक पार झिजलेले. तेव्हा जुने काढून मोठ्या व्यासाच्या डिस्क, नवे कॅलिपर आणि नवे पॅड आपल्या हाताने घरच्या अंगणातच बसवावयाचे, असे त्यांनी ठरविले. हे काम वरवर दिसते त्याहून नाजूक आहे. पेडलावर पाय दिला म्हणजे नळ्यांतील तेलावर दाब येतो. तो दाब कॅलिपरमधील दट्ट्यास पुढे ढकलतो. आणि दट्ट्या चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर पॅड दाबून धरतो. तेल आकसत नाही, हवा आकसते. म्हणून नळीत हवेचा बुडबुडा राहिला की पायाचा जोर तो बुडबुडा आवळण्यातच खर्च होतो. ही हवा काढण्याची जी साधी घरगुती रीत आहे तिला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने चाकापाशी बसून स्क्रू सैल करावा, तेलाबरोबर हवा बाहेर जाऊ द्यावी आणि स्क्रू पुन्हा आवळावा. मगच पहिल्याने पाय उचलावा. या घरी पेडलावर बसल्या त्या मातोश्री. "आई, दाब," "धर," "आता सोड," असा घोष एक संपूर्ण दुपार त्या अंगणात चालला होता, आणि संध्याकाळी पेडल दगडासारखे कठीण झाले तेव्हा मायलेकरांस झालेला आनंद आम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी विपरीत घडले. पॅड करकरतात म्हणून चिरंजीवांनी ते एकदा काढले, दट्ट्ये मागे रेटले आणि पॅड पुन्हा बसविले. दट्ट्ये मागे गेले म्हणजे पेडल दोनचार वेळा दाबून त्यांस परत पॅडांशी आणावे लागते. नाहीतर पहिला दाब पोकळीतच जातो. एवढेच करावयाचे ते विसरले. अंगणाचा उतार फाटकाकडे. गाडी सुरू होऊन उतारास लागली, पेडल तळाला गेले, आणि हातब्रेक ओढीपर्यंत गाडीने फाटकाजवळचे पाण्याचे पिंप आडवे केले. कोणास इजा झाली नाही. परंतु फाटकापलीकडे रस्ता होता, दिवस गळिताचे होते, आणि त्याच वेळी उसाने लादलेली एक बैलगाडी तेथून चालली होती. गाडीवानाची बायको उसाच्या मोळ्यांवर तान्हे मूल घेऊन बसली होती.

त्या रात्री वाद पेटला. "ज्या कामात चूक झाली तर दुसरा मरतो, त्या कामाला तू शिकाऊ हात लावतोसच का?" असे वडिलांचे म्हणणे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, गॅरेजातला मिस्त्रीदेखील कधी शिकाऊच होता. पैसे घेतले म्हणून त्याचा हात चुकत नाही असे तुम्ही कसे म्हणता?" मग दोघांनीही आमच्याकडे पाहिले.

चिरंजीवांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या वस्तूची निगा आपण राखावी ही वृत्ती आम्ही मध्यमवर्गीयांनी जवळजवळ टाकून दिली आहे. दिव्याचे बटण बिघडले तरी आम्ही माणूस बोलावतो आणि त्याच्या पाठीमागे हात बांधून उभे राहतो. ज्याने स्वतः चाक उतरविले त्यास आपली गाडी कशाच्या बळावर थांबते हे कळते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. सामान्यतः वापरात असलेले डॉट ४ जातीचे तेल ताजे असता किमान २३० अंशांपर्यंत टिकले पाहिजे असा दंडक आहे, तर ओलावा शोषलेल्या तेलासाठी तोच दंडक १५५ अंशांचा आहे. घाटाच्या उतारावर ब्रेक तापून तेल उकळले म्हणजे नळीत वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच आकसते. हे ज्याला ठाऊक आहे तो तेल वेळेवर बदलील. ज्याला ठाऊक नाही तो गाडी धुऊन चकचकीत करील आणि निश्चिंत राहील. तेव्हा केवळ 'हे काम तुझे नव्हे' एवढ्याने चिरंजीवांचे तोंड बंद करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

तथापि स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांनीच या स्वातंत्र्यास एक कुंपण घातलेले आहे. आगरकरांच्या पिढीस ज्याच्या ग्रंथांनी विचारप्रवृत्त केले त्या मिल्लने १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या पुस्तकात असा भेद केला की, ज्या कृत्याचे परिणाम मुख्यतः करणाऱ्यावरच होतात त्यात समाजाने हात घालू नये. जेथे दुसऱ्यास अपाय होतो तेथे मात्र समाजास बोलण्याचा अधिकार पोहोचतो. हा भेद मोटारीच्या एकेका भागास लावून पाहावा. आसनाची गादी, रंग, गाणी ऐकण्याचे यंत्र हे सर्व मालकाचे. इंजिन बिघडले तर बहुधा मालकच रस्त्यात अडकतो. ब्रेक तसा नाही. त्याची किंमत मालकाने दिली असली तरी त्याचा उपभोग मुख्यतः गाडीबाहेरच्या माणसास घ्यावयाचा असतो. रस्ता ओलांडणारे पोर त्या ब्रेकवर भरवसा ठेवते. आणि तो कोणी बसविला, कसा बसविला, हे त्यास कधी कोणी विचारलेले नसते. म्हणून आम्हांस असे वाटते की, ब्रेक ही मालकाजवळ असलेली परक्याची ठेव आहे.

ही ठेव कोणाकोणाची आहे हे बारामती-इंदापूरच्या रस्त्यावर उभे राहिल्यास डोळ्यांस दिसते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांची धुराडी पेटली की रस्ते बैलगाड्यांनी आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी भरून जातात. आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी रोटी घाट चढून उंडवडीवरून बारामतीस येते. पुढे काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते, आणि सणसर, निमगाव केतकी करीत सोहळा इंदापुरास पोहोचतो. त्या दिवसांत रस्ता मोटारींचा राहत नाही, वारकऱ्यांचा होतो. मागे न पाहता भजनात चाललेली म्हातारी आपली पाठ निर्धास्तपणे परक्या वाहनांच्या हवाली करते. तिच्या बेसावधपणास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. तो विश्वास राखणे एवढेच आमच्याकडे आहे.

येथे चिरंजीव म्हणतील की, म्हणूनच तर आम्ही अधिक मोठा ब्रेक बसविला! हा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड आहे; परंतु पदार्थविज्ञान आणि मनुष्यस्वभाव हे दोन्ही साक्षीदार त्याच्या विरुद्ध जातात.

प्रथम पदार्थविज्ञान. बाराशे किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या अंगी जी शक्ती असते, तिच्यात घरातले साधारण दीड लिटर पाणी उकळीस येईल. कोरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबल्यास ही सर्व शक्ती चारपाच सेकंदांत उष्णतेच्या रूपाने प्रायः तबकड्यांत उतरते. वेग निम्मा केला तर ही शक्ती निम्मी न होता चतुर्थांश होते. मोठी तबकडी ही उष्णता अधिक सोसते, म्हणून वारंवार ब्रेक दाबावा लागणाऱ्या घाटात तिचा उपयोग खरा आहे. परंतु गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीमुळे. जुना ब्रेक धडधाकट असून चाक जाम करण्याइतका समर्थ असेल, तर मोठा ब्रेक बसविल्याने एका दमात थांबण्याचे अंतर फारसे घटत नाही. उलट पुढच्या आणि मागच्या चाकांत जोराची जी वाटणी कारखान्यात हिशेबाने केलेली असते ती बिघडली, आणि मागची चाके आधी जाम झाली, तर गाडी गर्रकन फिरते. झिजलेल्या भागाऐवजी त्याच जातीचा नवा भाग घालणे ही निगा होय. निराळ्या जातीचा घालणे हा फेरफार होय. नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई केली आहे. आपला बदल यांपैकी कोणता, हे परिवहन कार्यालयात विचारून घेणे चिरंजीवांचे पहिले कर्तव्य होते.

आता मनुष्यस्वभाव. डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात लँचेस्टरने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. परंतु तिचा डंका वाजला तो १९५३ साली, फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली तेव्हा. थांबण्याच्या साधनाने शर्यत जिंकता यावी हे चमत्कारिक वाटते खरे. पण कारण उघड आहे. ज्याचा ब्रेक भरवशाचा तो वळणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत वेग सोडत नाही. शर्यतीत ब्रेक हे वेगाचेच साधन असते. तेथे हे योग्यच. परंतु सार्वजनिक रस्त्यावरही मनुष्य नकळत तोच व्यवहार करतो. १९८० च्या दशकात जर्मनीतील म्युनिक शहरात टॅक्सींच्या एका ताफ्यावर प्रयोग झाला. काही गाड्यांस चाक जाम होऊ न देणारी एबीएस ही योजना बसविली, काहींस नाही. एरवी गाड्या सारख्याच. अपेक्षा अशी की, पहिल्या गाड्यांचे अपघात घटतील. ते तसे घटले नाहीत. त्या गाड्यांचे चालक वळणे अधिक झपाट्याने घेऊ लागल्याचे मात्र दिसून आले. यावरून सुरक्षिततेची साधने व्यर्थ आहेत असा निष्कर्ष काढणे अविचाराचे होईल. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींस एबीएस सक्तीचे झाले ते योग्यच झाले. बोध एवढाच की, सुधारलेल्या ब्रेकपासून मिळालेली शिल्लक आपण बहुधा शिल्लक ठेवत नाही. ती वेगावर उधळून टाकतो. आणि ती शिल्लक ज्याच्या नावाने जमा व्हावयाची होती त्या पादचाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

याच्या उलट एक उदाहरण आमच्या सह्याद्रीतच आहे. बोरघाट व थळघाट उतरणाऱ्या आगगाड्यांसाठी इंग्रजी अमदानीपासून चढावर जाणारे आडमार्ग बांधलेले आहेत. ताबा सुटलेली गाडी त्यांवर चढून आपोआप मंदावावी ही योजना. उताराला लागण्यापूर्वी ब्रेक तपासावयाचा आणि वाटेत गाडी ताब्यात असल्याची खातरी पटवावयाची, असा तेथील शिरस्ता. चालक निष्णात आहे, एंजिन नवे आहे, ही सबब तेथे चालत नाही. 'थांबता येते हे आधी दाखव, मग पुढे जा' हे तत्त्व त्या घाटात लोखंडात घडविलेले आहे. अंगणातल्या मोटारीस तेच लावावे असे आमचे म्हणणे आहे.

तेव्हा आमचा निवाडा असा. घरी ब्रेक बसविण्यात पाप नाही. आपल्या कामाचे न्यायाधीश आपणच होणे हे मात्र अयोग्य होय. जो स्वतः काम करतो त्याने ते दुसऱ्या जाणत्या डोळ्यांखालून घालावे. फाटकाबाहेर पडण्यापूर्वी, गाडी जागच्या जागी उभी असतानाच, पेडल दाबून पाहावे. मग मोकळ्या जागी हळूहळू परीक्षा घ्यावी. आणि ब्रेक कितीही सुधारला तरी वेग पूर्वीचाच ठेवावा. यांतील शेवटचे कलम सर्वांत कठीण आहे, कारण ते पाळले की नाही हे तपासणारा कोणी नसतो. वडिलांसही आम्ही एवढेच सांगितले की, गॅरेजात पैसे मोजल्याने जबाबदारी गॅरेजात राहून जात नाही; ती गाडीबरोबर घरी येते.

चिरंजीवांनी वाद वाढविला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातील एका वृद्ध मिस्त्रीस घरी बोलावून प्रत्येक चाक उघडून दाखविले. मिस्त्रीने पुढचे एक चाक पुन्हा आवळावयास लावले, बाकीच्यांस मान डोलविली, आणि जाताना पेडल दाबणारे कोण होते म्हणून विचारले. मातोश्री पुढे झाल्या. "बाई, पाय चांगला धरलात," तो म्हणाला. त्या म्हणाल्या, "मुलाचा हात चाकापाशी होता, सोडते कशी?" आपल्या माणसासाठी पाय असा धरून ठेवणे कोणासही शिकवावे लागत नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी तो तितकाच सावध राहील काय, या एका प्रश्नापाशी आम्हांस हा सर्व वाद येऊन थांबलेला दिसतो.